प्रकाशसापळा : उजेडाने धरायचं की उजेडालाच?

रामबागवाली : इंदूरच्या आमच्या मंडळात शाळकरी मुलांसमोर न्यूट्रिनोवर, म्हणजे अणूहूनही बारीक आणि सहसा कशालाच न अडणाऱ्या कणावर, मराठीत बोलायचंय, आणि गाडी एका शब्दावर अडलीय. अमेरिकेत साउथ डकोटातल्या जुन्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली सुमारे १.५ किलोमीटरवर, ‘ड्यून’ या न्यूट्रिनो टिपणाऱ्या प्रयोगाचं काम चाललंय. एकेका टाकीत सुमारे १७,००० टन द्रवरूप आरगॉन. त्यात न्यूट्रिनो अणूवर आदळला की बारीकशी चमक उठते. ती टिपणाऱ्या चपट्या खोक्याचं नाव ‘अरापुका’. कल्पना ब्राझीलमधली, आणि तिकडे पाखरं धरायच्या काड्यांच्या सापळ्याला अरापुका म्हणतात. मी ‘प्रकाशसापळा’ लिहिलं, तर बाबा हसले : “अगं, तो सोयाबीनमध्ये लावतात!”

महूकर : बाबांचं खरं आहे, ताई. शेतात दिवा हे आमिष. किडे त्यावर झेपावतात आणि खालच्या घमेल्यात, साबणाच्या पाण्यात पडतात. तुमच्याकडे उजेड हीच शिकार. समास सोडवून बघा : एक ‘प्रकाशाने’ धरणारा, दुसरा ‘प्रकाशाला’ धरणारा. ‘उंदीरसापळा’च्या चालीने तुमचाच अर्थ सरळ, पण शब्द शेतकऱ्यांनी आधीच घेतलाय.

माळव्यात तर आणखी घोळ. इथल्या हिंदी पत्रकांत शेतातल्या या सापळ्याला ‘प्रकाश प्रपंच’ म्हणतात. आमच्या आजीला वाचून दाखवलं, तर म्हणाली, “शेतात कुठं प्रपंच मांडताय रे?”

रामबागवाली : हा हा. मग ‘उजेडफासा’?

सुदामानगरकर : फास आवळतो, इथे आवळत काहीच नाही. आत काय होतं ते बघा. आरगॉनचा उजेड १२८ नॅनोमीटर तरंगलांबीचा, काचेतूनही पार न होणारा. बाहेरचा लेप त्याला सुमारे ३५० नॅनोमीटरवर आणतो. मग येते गाळणी : ४००च्या खालचं आत सोडते, वरचं परतवते. आतली पट्टी त्याच उजेडाला ४३०च्या आसपास नेते. झालं! ज्या दारातून आला तेच दार आता बंद. मग आपटत राहतो, कडेच्या सिलिकॉन सेन्सरवर पडेपर्यंत. दोनदा वेश बदलायला लावून कोंडलं, म्हणून ‘प्रकाशकोंडी’ म्हणा.

महूकर : कोंडी म्हटलं की राजवाड्यापुढची वाहतूक आठवते. त्यापेक्षा ‘कोंडवाडा’ बरा.

सुदामानगरकर : चालेल. फक्त जपानच्या सुपर-कामिओकांडे या न्यूट्रिनो प्रयोगाला तो शब्द लावू नका. तिथे ५०,००० टन पाण्याभोवती अर्ध्या मीटर व्यासाचे ११,०००हून जास्त उजेड टिपणारे काचेचे गोळे नुसते टक लावून बसलेत. कोंडणं वगैरे नाही, ते सरळ डोळेच.

रामबागवाली : ठरलं. फळ्यावर ‘अरापुका’, खाली ‘उजेडाचा कोंडवाडा’. बाबांना सांगितलं, तर म्हणाले, “कोंडवाड्यातली गुरं दंड भरला की सुटतात. तुझा उजेड?” म्हटलं, सुटत नाही बाबा, त्याची वीज होते.