पाणबुडी बांधता येते, आखता येत नाही: हे किती दिवस चालायचं?

भरतीओहोटी (धागाकर्ता):

डिसेंबर २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयानं पाणबुड्यांसाठी दोन करार केले. त्यातला एक मला अजून सलतो. डीआरडीओ विकसित करत असलेला जड टॉर्पेडो कलवरी वर्गाच्या पाणबुड्यांवर बसवायचा आणि त्या कामाचे सुमारे ८७७ कोटी रुपये फ्रान्सच्या नेव्हल ग्रुपला द्यायचे. टॉर्पेडो आपला. पाणबुड्या माझगाव डॉकमध्ये आपल्याच कामगारांनी बांधलेल्या. पण टॉर्पेडोला लक्ष्य दाखवणारी लढाऊ यंत्रणा फ्रेंच, म्हणून तिला हात लावायचा तर त्यांनीच. स्वतःच्या घराच्या भिंतीत खिळा ठोकायला मूळ गवंड्याला बोलवावं लागतं, तसं झालंय हे.

आणि ही पहिली वेळ नाही. शिशुमार वर्गाच्या पहिल्या दोन पाणबुड्या जर्मनीत कीलला बांधल्या, पुढच्या दोन, शाल्की (१९९२) आणि शंकुल (१९९४), मुंबईत. मधेच १९८७ ला त्या बांधणाऱ्या जर्मन कंपनीच्या, एचडीडब्ल्यूच्या, सौद्यातल्या दलालीचं प्रकरण निघालं, पाचवी-सहावी रद्द झाली आणि शिकलेले हात रिकामे बसले. २००५ ला फ्रेंच स्कॉर्पीनचा, म्हणजे आपल्या कलवरी वर्गाचा, करार झाला तेव्हा पुन्हा श्रीगणेशा. पहिली २०१२ ला मिळायची होती, ती कलवरी सेवेत आली डिसेंबर २०१७ ला.

दोन्ही वेळा आपण बांधायला शिकलो. पण प्रेशर हलच्या, म्हणजे पाण्याचा दाब सोसणाऱ्या कवचाच्या, पत्र्याची जाडी एवढीच का, आतल्या कड्यांमधलं अंतर एवढंच का, अमुक पंप अमुक तऱ्हेनंच रबरी पायांवर का बसवला, हे परवान्यासोबत येत नाही. नकाशावर फक्त शेवटचा आकडा असतो. आवाज कमी करण्याची विद्या तर कुणीच कुणाला विकत नाही, आणि पाणबुडीचा जीव त्यातच असतो.

अणुऊर्जेवर चालणाऱ्या दोन हल्लेखोर पाणबुड्यांना ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाल्याच्या बातम्या आल्या. त्या पूर्णपणे आपल्या आराखड्यावर व्हाव्यात आणि पुढची डिझेल-इलेक्ट्रिकही आपणच आखावी, उशीर झाला तरी चालेल, असं माझं ठाम मत आहे.

दर्यापार:

तुमचं दुखणं पटतं, पण ‘उशीर झाला तरी चालेल’ हे वाक्य मला मुळीच मान्य नाही. उशीर कुणाच्या जिवावर?

१९९९ ला तीस वर्षांत २४ पाणबुड्या बांधायचा आराखडा मंजूर झाला. त्यातून पारंपरिक, म्हणजे डिझेल-इलेक्ट्रिक, पाणबुड्या आल्या सहा. सहावी वागशीर, जानेवारी २०२५ ला. बाकीचा भार जुन्या पाणबुड्यांवर. फेब्रुवारी २०१४ ला सिंधुरत्नवर आग लागली, दोन अधिकारी गेले, नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल डी. के. जोशी यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. तिकडे पाकिस्तान चीनकडून हंगोर वर्गाच्या आठ पाणबुड्या घेतोय, त्यातल्या चार कराचीत बांधून. हंगोर हे नाव त्यांनी का निवडलं ते आपल्याला सांगायला नको. ९ डिसेंबर १९७१ ला आपली युद्धनौका खुकरी बुडाली, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. ती बुडवणारी मूळची हंगोर फ्रेंच बनावटीची, विकत घेतलेली होती. टॉर्पेडो आला तेव्हा आराखडा कुणाचा होता यानं काय फरक पडला?

आणि स्पेनचं उदाहरण घ्या. कित्येक दशकं पाणबुड्या बांधणारा देश. फ्रान्सच्या भागीदारीत स्कॉर्पीनही बांधली. मग स्वतःची एस-८० आखायला घेतली आणि २०१३ ला लक्षात आलं की वजनाचं गणित चुकलंय, पाण्याखाली गेली तर वर येण्याइतकी तरंगशक्ती शिल्लक राहत नाही. अमेरिकी कंपनीचा सल्ला घ्यावा लागला, पाणबुडी सुमारे दहा मीटर लांब करावी लागली. पहिली सेवेत आली २०२३ ला. दहा वर्षं गेली! आपल्याला परवडतील?

भरतीओहोटी:

स्पेनचं खरं आहे, पण पुढचंही सांगा. तीच एस-८० घेऊन स्पेन आपल्या प्रोजेक्ट ७५-आयच्या, म्हणजे पुढच्या सहा डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुड्यांच्या, स्पर्धेत उतरला होता. चूक त्यांची होती, दुरुस्तीही त्यांचीच झाली, आणि आज ते विकणाऱ्यांच्या रांगेत आहेत. आपण अजून घेणाऱ्यांच्या.

दर्यापार:

आणि त्या स्पर्धेत त्यांचं जमलं नाही, कारण समुद्रात चालवून दाखवलेली एआयपी ही नौदलाची अट होती. पाणबुडीला बॅटरी भरायला वारंवार वर न येता बरेच दिवस खाली राहू देणारी ही यंत्रणा. नौदलाला सिद्ध झालेली वस्तू हवी असते, कारण आत माणसं बसतात. अंबरनाथच्या एनएमआरएल या डीआरडीओच्या प्रयोगशाळेनं आपली इंधनघटावरची (फ्युएल सेल) एआयपी तयार केली, हायड्रोजन साठवून न नेता आतच बनवणारी, याचा मलाही अभिमान आहे. पण मार्च २०२१ ची यशस्वी चाचणी जमिनीवरची होती.

जोडकाम:

मी पाणबुडीवाला नाही. जाड पत्र्याची प्रेशर व्हेसल बनवणाऱ्या एका कारखान्यात वेल्डिंग तपासणीचं काम करतो, म्हणून तेवढ्यापुरतंच बोलतो. दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट सुटतेय.

उच्च ताकदीच्या पोलादाचा जोड म्हणजे काय ते सांगतो. पत्रा आधी तापवून घ्यायचा आणि काम संपेपर्यंत तो ठरलेल्या तापमानाखाली जाऊ द्यायचा नाही. वेल्डिंग रॉड भट्टीत भाजलेले, वेल्डरच्या कमरेला गरम डबा, त्यातून एकेक काढायचा. दमट हवेत रॉड जरा वेळ उघडा राहिला तरी ओलाव्यातला हायड्रोजन जोडात शिरतो. जोड दिसायला सुरेख येतो आणि दोन दिवसांनी आतून चिरतो. म्हणून तपासणीही लगेच करून चालत नाही, थांबून करावी लागते. हे सगळं कागदावर लिहिलेलं आहेच. तरी आमच्याकडे मोठ्या कामाला तीन वर्षांचा खंड पडला, चांगले वेल्डर आखातात गेले, आणि काम परत आलं तेव्हा पहिल्या महिन्यात इतके जोड खरवडून पुन्हा करावे लागले की रात्री झोप लागत नव्हती. कार्यपद्धतीची वही तीच होती, ओळही बदलली नव्हती.

आराखडा करणाऱ्यांचंही असंच असणार. ब्रिटननं अणुपाणबुड्यांचा अ‍ॅस्ट्यूट वर्ग सुरू केला तेव्हा मधल्या खंडात त्यांची माणसं विखुरली होती, अमेरिकेच्या इलेक्ट्रिक बोट या पाणबुड्या बांधणाऱ्या कंपनीची मदत घ्यावी लागली. हा देश साठच्या दशकापासून अणुपाणबुड्या बांधत होता. आणि दक्षिण कोरिया बघा. आपली शिशुमार ज्या जर्मन घराण्याची, त्याच घराण्याची टाइप २०९ त्यांनी आपल्यानंतर घेतली. नऊ केल्या, मग टाइप २१४ च्या नऊ, मधे हात थांबू दिला नाही. २०२१ ला स्वतःच्या आराखड्याची तीन हजार टनी पाणबुडी सेवेत आणली.

म्हणून भरतीओहोटी, फक्त दोन पाणबुड्यांवर खूश होऊ नका. दुसरीच्या प्रेशर हलचं काम संपेल त्या दिवशी तिसरीचा पत्रा दारात यायला हवा.

स्वातीनक्षत्र:

आपल्या अरिहंत या अणुपाणबुडीचा विषय कुणी काढला नाही म्हणून. विशाखापट्टणमला बांधली, हलचे भाग हजिऱ्याला एल अँड टीनं केले, यंत्रसामग्रीत आपल्या वालचंदनगरचाही हात आहे. २००९ च्या जलावतरणाला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी रशियाचे जाहीर आभार मानले होते. स्वदेशी म्हणजे कुणालाच विचारायचं नाही असं नाही.

पण अरिहंत क्षेपणास्त्रं घेऊन दडून राहणारी. हल्लेखोर पाणबुडीला पाठलाग करावा लागतो. वेग दुप्पट करायचा तर शक्ती साधारण आठपट लागते. अरिहंतची ८३ मेगावॅटची अणुभट्टी त्याला पुरणार नाही, नवी आणि शांत अणुभट्टी लागेल. ती रशियाकडून भाड्यानं आणलेल्या चक्र या अणुपाणबुडीतून शिकता आली नाही, येणारही नाही. इथे मी पूर्णपणे धागाकर्त्यांच्या बाजूनं.

दर्यापार:

अणुपाणबुडीबाबत मान्य, तिचा आराखडा दुसरं कुणी देणारच नाही. डिझेल-इलेक्ट्रिकबाबत माझं मत बदललेलं नाही, आधी प्रोजेक्ट ७५-आयमधल्या जर्मन आराखड्याच्या सहा येऊ द्या. मात्र जोडकाम साहेबांचं वाचून एवढं म्हणतो, त्या करारात आपला टॉर्पेडो आणि आपली एआयपी बसवायचा हक्क पहिल्याच दिवशी लिहून घ्यावा.

भरतीओहोटी:

हक्क लिहून घेतलाच पाहिजे. पण तो वापरायला ती यंत्रणा आतून कळणारी माणसंही लागतात, आणि ती आपला आराखडा केल्याशिवाय तयार होत नाहीत. सहा येऊ द्या म्हणता, ठीक. मग सातवीचा आराखडा आजच सुरू करा. सहावी समुद्रात जाईपर्यंत थांबलो तर शंकुलनंतर झालं तेच होईल.