भिवंडी ९२ ला का पेटली नाही: "चहा-बिस्किट कमिटी" म्हणणाऱ्यांना उत्तर

लूमवाला:
काल इथे एका भाऊंनी लिहिलं की दंगल थांबवणं पोलिसांचं काम, मोहल्ला कमिट्या म्हणजे चहा-बिस्किट आणि फोटो, साध्या माणसाने दार लावून घरात बसावं. रात्रभर डोक्यात तेच फिरत होतं म्हणून लिहितोय. अहो १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून भिवंडी पेटली, चौकशीला मादन आयोग बसला, १९८४ ला परत पेटली आणि ठाणे-मुंबई धरून अडीचशेवर माणसं गेली. दोन्ही वेळेला पोलीस होतेच ना? ८४ ला आमचे चार लूम, म्हणजे यंत्रमाग, गेले, सुताचे बीम चढवलेले होते तसेच जळाले, वडील नंतर दुसऱ्याच्या कारखान्यात कामाला जायचे. मग १९८८ च्या सुमारास डीसीपी सुरेश खोपडे आले, त्यांनी ७० च्या आसपास मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. पुढारी बाजूला, दोन्हीकडची साधी माणसं आणि त्या भागाचा पोलीस. विषय काय तर नळावरची भांडणं, तुंबलेलं गटार, पोरांची मारामारी. म्हणजे वेळ आली तेव्हा माणसं एकमेकांना नावाने ओळखत होती. ६ डिसेंबर ९२ ला बाबरी पडली, त्यानंतर दोन महिन्यांत मुंबईत ९०० माणसं मेली, दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा आकडा आहे, आणि दोनदा जळलेली भिवंडी शांत राहिली.

कायदा_आधी:
ते भाऊ मीच. आता २००६ चं पण सांगा की. इथे भिवंडीतच कोटरगेटला पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून जमाव आला, गोळीबारात दोघं गेले आणि दोन पोलीस शिपायांना मारून टाकलं. कुठे होत्या कमिट्या? माझे काका पोलिसात, त्या रात्री ड्युटीवर. काकू पहाटेपर्यंत दारात उभी होती. तुम्ही आम्हाला चार लूम सांगताय.

लूमवाला:
चार लूम म्हणजे आमचं घर होतं, ते असं बोलायचं नाही. आणि २००६ पर्यंत आमच्या गल्लीतली बैठक कधीच बंद पडलेली, नवीन साहेब आला की त्याच्या मर्जीवर सगळं.

कायदा_आधी:
म्हणजे साहेब चांगला होता म्हणून चाललं. मी तेच म्हणतोय, पोलिसांनीच केलं.

सदाशिव_पुणे:
पोलीस नसताना पण माणसं उभी राहिलीत. १ जुलै १९४६, अहमदाबादची दंगल, वसंतराव हेगिष्टे आणि रजब अली लाखाणी हे दोघं मित्र जमावाला अडवायला गेले.

कायदा_आधी:
आणि दोघंही मारले गेले! दुसऱ्याच्या पोराला असं मरायला पाठवू नका.

निजामपुऱ्याची:
मला एक विचारायचंय. कमिटीत मांडीला मांडी लावून बसता, मग घर का देत नाही? माझे मिस्टर शाळेत गणित शिकवतात, मी स्वतः मराठी मिडियमची. कल्याणला फ्लॅट बघितला, टोकनचे पैसे घेऊन गेलो, नाव सांगितलं आणि मालक म्हणाले कालच बुक झाला. दोन महिने तोच फ्लॅट ऑनलाइन दिसत होता. एकदा नाही, पाच ठिकाणी.

गृहलक्ष्मी_ठाणे:
ताई, वाईट वाटलं, पण घर कोणाला द्यायचं हा मालकाचा प्रश्न आहे. आमच्याकडे मटण शिजवणाऱ्या मराठी माणसाला पण नाही देत. उगाच सगळं धर्मावर नेऊ नका.

मालवणी_मासा:
आणि ते बरोबर आहे का? मला बोरिवलीत सुक्या बांगड्यावरून घर सोडायला लावलं. आईने गावाहून पाठवलेला बांगडा! सोसायटीचा सेक्रेटरी नाक दाबून दारात.

गृहलक्ष्मी_ठाणे:
वासाचा त्रास होतो लोकांना, यात काय चूक.

निजामपुऱ्याची:
मी शिजवायच्या आधीच मला नाही म्हणाले हो. नुसतं नाव ऐकून.

मालवणी_मासा:
आता द्या याचं उत्तर.

कायदा_आधी:
धागा दंगलीचा आहे, फ्लॅट आणि बांगडे बाहेर काढा.

लूमवाला:
नाही, फ्लॅटचाच आहे, मला ताईंचं वाचून आत्ता लक्षात आलं. ९३ नंतर मुंबईतून घाबरलेली कुटुंबं निघाली आणि ठाण्याजवळचा मुंब्रा वाढत गेला. इकडचे इकडे, तिकडचे तिकडे. खोपडे साहेबांच्या कमिटीत नळावरचं भांडण यायचं कारण नळ एक होता. आता नळच वेगळे, मग भांडायला तरी कोण भेटणार? अफवा आली तर विचारायचं कोणाला, कोणाचा नंबरच नाही.

गृहलक्ष्मी_ठाणे:
म्हणजे दंगलीला आम्ही जबाबदार? हद्द झाली.

निजामपुऱ्याची:
तसं कोणी म्हटलं नाही. ८४ ला माझ्या सासूबाईंना इथल्याच पद्मानगरच्या एका तेलुगू कुटुंबाने तीन दिवस माळ्यावर ठेवलं होतं. ओळख होती, लग्नाला जाणं-येणं होतं. आज तसं दार कुणाचं ठोठवायचं ते सांगा.

गृहलक्ष्मी_ठाणे:
माझ्याकडे याचं उत्तर नाही. नाव ऐकून खोटं बोलले ते चूक होतं, एवढं म्हणते. बाकी माझं मत तेच.

कायदा_आधी:
लूमवर बोललो ते बोलायला नको होतं. ९२ चं मान्य, २००६ चं मी सोडणार नाही. काका सांगायचे की गल्लीतला पोलीस तीन वर्षं तोच असला तर निम्मं काम होतं. तुमच्या भागातल्या कमिटीची यादी तरी पोलीस ठाण्यात आहे का?

लूमवाला:
माहीत नाही. सोमवारी जाऊन विचारतो. काकांना वेळ असेल तर घेऊन या.