दहा वर्षांच्या पोराला ‘स्किझोफ्रेनिया’ म्हणायला एक तास पुरतो का?

गंगावेशकर
विषय जड हाय पण बोलायलाच पाहिजे. ओळखीतल्या एका घरातला दहा वर्षांचा पोरगा, रात्री कोणतरी नाव घेऊन हाक मारतंय म्हणतो, वर्गात मध्येच गप्प होतो, अभ्यास पार घसरलाय. घरच्यांनी एका काउन्सिलरकडं नेलं. तासाभरात कागदावर ‘चाइल्डहूड स्किझोफ्रेनिया’ (म्हणजे भास-भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार, लहानपणीच सुरू झालेला) लिहून दिलं आणि वर सांगितलं की एकाचं पीएचडीचं काम चाललंय त्यात नाव घालूया, सगळ्या टेस्ट फुकट होतील. आईनं तिथंच सही केली.

माझं स्पष्ट मत, हे चूक हाय. तेराव्या वर्षाच्या आत सुरू होणारा स्किझोफ्रेनिया फार दुर्मिळ, साधारण ४०,००० मुलांत एक किंवा त्याहून कमी असं धरतात. आणि आवाज ऐकू येणं मात्र मुलांमध्ये वाटतं तेवढं दुर्मिळ न्हाई. २०१२ साली बऱ्याच अभ्यासांची एकत्र मांडणी झाली, त्यात ९ ते १२ वयाच्या मुलांत आवाज ऐकू येण्यासारख्या लक्षणांचं प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास निघालं. त्यातल्या बहुतेकांना हा आजार नसतोच. मग एका तासात एवढं मोठं नाव लिहायची घाई कशाला?

पन्हाळा रोड
दादा तुमची कळकळ पटते पण दुसरी बाजू मी जगलेय म्हणून लिहिते. माझ्या मुलाला सोळाव्या वर्षी निदान झालं, त्याआधी किती दिवस आम्ही नुसते हिंडत होतो, कुणी नजर लागली म्हटलं, कुणी नरसोबाच्या वाडीला नेऊन दत्ताच्या पायावर घाला म्हटलं, शाळेत म्हणाले लाडावलाय. एकानं जरी तेव्हा सरळ नाव घेतलं असतं तर औषध लवकर सुरू झालं असतं. तुमच्यासारखे लोक ‘घाई नको, घाई नको’ करतात आणि घरचे तेवढंच ऐकून गप्प बसतात. उपचाराविना जितका काळ जातो तितकं पुढं जड जातं, हे पण संशोधनच सांगतंय ना?

क्लिनिकल_बेंच
मी एमफिल क्लिनिकल सायकॉलॉजी केलंय, आरसीआय (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्टर्ड आहे, म्हणून थोडं सविस्तर. ताई, तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण लवकर तपासणी आणि लवकर शिक्का या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोराला आजच मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, त्यात एक दिवसही घालवू नका. पण नाव लिहायच्या आधी फिट्स नाहीत ना, मेंदूला सूज नाही ना (२००७ मध्ये अँटी एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस नावाचा आजार समोर आला, तो सुरुवातीला हुबेहूब मानसिक आजारासारखा दिसतो आणि वेळेत ओळखला तर त्यावर उपचार आहेत), ऑटिझम नाही ना, घरात मारहाण किंवा अत्याचार झालेला नाही ना, झोप कशी आहे, हे सगळं बघावं लागतं. आईवडिलांशी वेगळं बोलायचं, शाळेकडून माहिती घ्यायची, मुलाला चार वेळा भेटायचं. एका तासात होत नाही हो.

अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थमध्ये ज्युडिथ रॅपोपोर्ट यांनी १९९० पासून याच मुलांवर अभ्यास चालवला. देशभरातून निदान झालेली मुलं यायची, त्यांना दाखल करून काही आठवडे औषधं बंद ठेवून देखरेखीखाली बघायचे, आणि बऱ्याच मुलांचं निदान तिथं बदललं! म्हणजे आधी झालेली निदानंसुद्धा बऱ्याचदा टिकली नाहीत.

आणि काउन्सिलरनं निदान लिहून देणं हा वेगळाच मुद्दा. १९९२ च्या रिहॅबिलिटेशन कौन्सिल कायद्यात रजिस्टरमध्ये नाव नसताना क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. दंड नावापुरता आहे, पण नियम आहे. रजिस्ट्रेशन नंबर विचारायचा तुम्हाला हक्क आहे आणि विचारल्यावर राग आला तर उठून या.

गडहिंग्लज_सर
कायदा ठीक आहे पण माणसं कुठाहेत? मी शिक्षक, काउन्सिलिंगचा कोर्स केलाय, निदान मी लिहीत नाही. पण आमच्या भागातल्या आईबापांनी कुठं जायचं ते सांगा. राज्याची मनोरुग्णालयं चार, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. इथनं त्यातल्या त्यात जवळ रत्नागिरी, घाट उतरून जायचं, दिवसाची मजुरी बुडवून. कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी दवाखान्यात गर्दी किती असते बघितलीच असेल. सगळ्या काउन्सिलरना तुम्ही एका कोपऱ्यात बसवलं तर पोराला पहिल्यांदा बघणारा कोण उरतो? देवरुषीच उरतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात गंभीर मानसिक आजाराच्या दर चार रुग्णांतले जवळपास तीन उपचाराबाहेर निघाले, ते आधी बघा की. आमच्यासारख्याला पुढं पाठवायचं शिकवा, रस्ता बंद करू नका.

क्लिनिकल_बेंच
सर, पुढं पाठवणं हेच तर पाहिजे. तुम्ही जे करताय ते मोलाचं आहे, आक्षेप कागदावर शिक्का मारण्याला आहे.

शाहूपुरी_रात्रपाळी
मला सगळ्यात खटकलं ते ‘टेस्ट फुकट’. गरीब माणसाच्या पोराला संशोधनात घ्यायचं आणि उपचाराचं गाजर दाखवायचं. हे आजचं न्हाई. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलात लॉरेटा बेंडर यांनी ‘चाइल्डहूड स्किझोफ्रेनिया’ म्हणत शंभरेक मुलांना विजेचे झटके दिले, त्यातल्या कितीतरी पोरांना आज आपण ऑटिझम म्हटलं असतं. मी तर म्हणतो असल्या संशोधनात पोरं द्यायचीच न्हाईत. शिकायचं असंल तर मोठ्यांवर शिका.

गंगावेशकर
इथं मी तुमच्याशी पूर्ण असहमत हाय. मोठ्यांवरचं शिकलेलं मुलांना तसंच्या तसं लागू पडत न्हाई, हेच तर मुलांवरच्या अभ्यासातनं कळलं. २००८ ची टीईओएसएस नावाची ट्रायल घ्या, ८ ते १९ वयोगट, स्किझोफ्रेनियावरच्या तीन औषधांची तुलना. त्यातल्या ओलान्झपीन या औषधाच्या गटात पोरांचं वजन इतकं वाढायला लागलं की देखरेख मंडळानं तो गट मध्येच थांबवला. हा अभ्यास झाला नसता तर तेच औषध बिनधास्त देत राहिले असते. बेंडरबाईंचं जे झालं ते पुन्हा होऊ नये म्हणूनच आता नियम हाईत. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मुलांना झटके द्यायचे तर पालकांची संमती आणि वर मानसिक आरोग्य पुनरावलोकन बोर्डाची आधी परवानगी, दोन्ही लागतात.

माझा राग संशोधनावर न्हाईच, या पद्धतीवर हाय. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की ७ ते १२ च्या मुलाला त्याच्या भाषेत समजावून त्याची तोंडी सहमती घ्यायची, नुसती आईची सही पुरत न्हाई. त्या पोराला कुणी विचारलं का? एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधन नीट होतंय का बघणाऱ्या समितीची, परवानगी दाखवली का? आणि ज्यानं निदान केलं त्यानंच भरती केली, मग निदान पोरासाठी झालं का थिसिससाठी, हे आईला कसं कळावं?

पन्हाळा रोड
हे शेवटचं पटलं. पण दादा, एक सांगते, तुम्ही त्या आईला जाऊन ‘चुकीच्या जागी सही केलीस’ असं नका म्हणू. तिला इतक्या दिवसांत कुणीतरी पहिल्यांदा बसवून ऐकून घेतलं असणार, म्हणून तिनं सही केली. आणि शिक्का चुकीचाच आहे असंही तुम्ही धरून चाललाय, तेही तुम्हाला कुठं माहीत आहे? दुर्मिळ म्हणजे होतच नाही असं नाही.

गंगावेशकर
व्हय, तेवढं बरोबर हाय तुमचं. निदान खरं का खोटं ते मी सांगू शकत न्हाई, तपासणी पुरी झाली न्हाई एवढंच म्हणतोय. सोमवारी त्यांच्यासोबत मानसोपचार ओपीडीला जातोय. संशोधनातनं नाव कधीही मागं घेता येतं आणि त्यावरनं उपचार अडवता येत न्हाईत, ते त्यांना आधीच सांगितलंय.

गडहिंग्लज_सर
१४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर पण देऊन ठेवा, मराठीत बोलतात. रात्री पोरगं घाबरलं तर ओपीडी उघडी नसते.

शाहूपुरी_रात्रपाळी
जावा, पण कागदांच्या झेरॉक्स स्वतःकडं ठेवा. माझं मत काय बदललेलं न्हाई.