मदत हवी आहे : पोलिश कादंबरी वाचलेलं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी. कादंबरीवरून सिनेमा होताना स्त्री पात्राचं काय होतं, यावर एक लेख लिहितेय. त्यासाठी '३६५ डेज : धिस डे' हा २०२२ चा पोलिश सिनेमा निवडलाय. ब्लांका लिपिन्स्का यांच्या दुसऱ्या कादंबरीवरचा हा उत्तरभाग.

मी अडलेय ती एकाच ठिकाणी. पहिल्या भागाच्या शेवटी गरोदर नायिका लॉराची गाडी बोगद्यात शिरते आणि बाहेर येत नाही. दुसरा भाग थेट लग्नाने सुरू होतो. तिने बाळ गमावलंय आणि मासिमोला (पहिल्या भागात तिचं अपहरण करणारा माफिया, आता तिचा नवरा) ते ठाऊक नाही, हे मैत्रिणीशी बोलताना ओझरतं कळतं. एवढं मोठं दुःख, आणि पुढे गाणी, समुद्र, प्रणयदृश्यं! मला ते फार खटकलं. कादंबरीत लॉरा स्वतः गोष्ट सांगते, मग तिथे तरी या दुःखाला जागा मिळते का? नाचो (दुसऱ्या भागात तिला भेटणारा दुसरा पुरुष) तिच्या आयुष्यात येतो तेव्हा तिच्या मनात काय चाललेलं असतं?

२०२० मध्ये पहिला भाग आला तेव्हा अपहरणाला प्रेमाचं रूप दिल्याबद्दल गायिका डफीने नेटफ्लिक्सला खुलं पत्र लिहिलं होतं. म्हणून तर लॉराची बाजू मला नीट समजून घ्यायचीय.

मूळ पोलिश किंवा इंग्रजी अनुवाद वाचलेल्यांनी कृपया सांगा. पोलंडमध्ये राहणारं कुणी असेल तर फारच बरं. कथानक उघड झालं तरी चालेल.