युद्ध पेटल्यास परदेशातील भारतीयांना परत कसे आणतात?

प्रश्न: माझा भाचा परदेशात वैद्यकीय शिक्षण घेत आहे. तिथे अचानक युद्ध पेटल्यास आपले सरकार विमान नेमके कुठे पाठवते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १: विमान त्याच शहरात येईल असे गृहीत धरू नये. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनचे हवाई क्षेत्र बंद झाल्याने ‘ऑपरेशन गंगा’ या भारतीयांना परत आणण्याच्या मोहिमेतील विमाने पोलंड, रुमानिया, हंगेरी अशा शेजारी देशांतून सुटली, आणि सीमेपर्यंतचा प्रवास, जो माझ्या मते खरा कठीण भाग होता, विद्यार्थ्यांना रेल्वेने, बसने, काहींना तर पायीही करावा लागला.

उत्तर २: सुदानमधूनही २०२३ साली बहुतेकांना आधी पोर्ट सुदान, तिथून नौदलाच्या जहाजांनी वा वायुसेनेच्या विमानांनी सौदी अरेबियातील जेद्दा, आणि मग मायदेशी आणले. भाच्याने दूतावासात नावनोंदणी आजच करावी. यादीत नावच नसेल, तर शोधणार कोणाला?

प्रश्नकर्ता: आभारी आहे. त्याचे पारपत्र विद्यापीठाकडे जमा आहे, ते आधी परत घ्यायला सांगतो.