परसातले अक्रोड: दोन झाडांपैकी खरे कोणते, आणि गोव्यात त्याला फळ धरेल का?

प्रश्न – वाळपई, सत्तरी

सर्वांना नमस्कार. आमच्या घरामागच्या परसात ‘अक्रोड’ या नावाची दोन झाडे उभी आहेत आणि त्या दोघांत काडीचेही साम्य नाही, म्हणून जाणकारांना विचारते आहे.

पहिले रोप मी स्वतः रुजवले. चार वर्षांपूर्वी सप्टेंबरअखेरीस माझी मुलगी काश्मीरहून कवचासकट ताजे अक्रोड घेऊन आली होती. त्यांतले बारा मी ओल्या वाळूत घालून अडीच महिने फ्रिजच्या खालच्या खणात ठेवले आणि मग पिशव्यांत लावले. तीन रुजले, एक जगले, आणि ते आज जेमतेम माझ्या कमरेला लागते. एप्रिलमध्ये त्याची पाने कडेने करपतात, पावसाळ्यात त्यांवर काळे ठिपके पडतात, आणि थंडीत ती धड गळतही नाहीत व धड टिकतही नाहीत. दुसरे झाड त्याच वर्षी एका रोपवाटिकेतून आणलेले. ते ओसरीच्या कौलांवर गेले आहे. त्याची पाने तळहाताहून मोठी व तीन टोकांची आहेत, आणि कोवळ्या पानावर बोट फिरवले तर पिठासारखी पांढरी लव बोटाला लागते.

शेणखत आणि निंबोळी पेंड मी दोघांनाही सारखीच घालते. माझ्या हातून नेमके काय चुकते आहे? शिवाय अक्रोडाच्या सावलीत भाजी होत नाही असे शेजारच्या काकी म्हणतात, तेही खरे का?

उत्तर – फोंडा

ताई, तुमच्या वर्णनावरून दुसरे झाड अक्रोडाचे नव्हेच. ते जंगली अक्रोड असावे. हे झाड एरंडाच्या कुळातले, मूळचे आग्नेय आशियाकडचे, आणि उष्ण व दमट हवेत झपाट्याने वाढणारे; त्यामुळे सत्तरीच्या पावसात ते फोफावले यात नवल नाही. आमच्या कुळागराच्या बांधावर एक जुने झाड आहे, त्याचीही कोवळी पालवी लांबून पीठ शिंपडल्यासारखी दिसते.

खात्री करून घेणे सोपे आहे. खऱ्या अक्रोडाचे पान संयुक्त असते: एका देठावर साधारण पाच ते नऊ पर्णिका असतात, त्यांतली टोकाची सहसा सर्वांत मोठी, आणि पान चुरगळले की उग्र वास सुटतो. याहून पक्की खूण फांदीच्या आत असते. बोटाएवढी काडी उभी चिरलीत तर मधला गाभा सलग न दिसता शिडीच्या पायऱ्यांसारखा कप्प्याकप्प्यांचा दिसेल. जंगली अक्रोडात हे कप्पे नसतात.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. या झाडाला पुढे टणक कवचाच्या बिया धरतील, त्या कच्च्या कोणीही खाऊ नयेत. नावात अक्रोड असल्याने मुले फोडून खातात आणि मग उलट्या व जुलाब सुरू होतात. गर अतिशय तेलकट असतो, पूर्वी त्याचे तेल दिव्यासाठी वापरत. झाड सावलीसाठी उत्तम आहे, ते तोडू नका.

उत्तर – मडगाव

नोकरीनिमित्त माझी काही वर्षे हिमाचलात गेली आणि घराच्या आवारातच अक्रोडाची तीन झाडे होती, त्या अनुभवावरून लिहिते.

ताई, तुमच्या हातून काहीही चुकलेले नाही. बी थंड ओलीत ठेवून रुजवणे हीच योग्य रीत आहे. अडचण हवेची आहे. अक्रोड हे पानगळीचे झाड असून त्याला हिवाळ्यात खरोखरची झोप लागते, आणि त्या झोपेतून नीट जागे होण्यासाठी बहुतेक जातींना ७ अंश सेल्सिअसच्या खालचे सुमारे ७०० ते १००० तास लागतात. गोव्यात जानेवारीतल्या थंड पहाटेसुद्धा पारा १५ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे असा एक तासही आपल्या झाडाच्या वाट्याला येत नाही. पाने धड गळत नाहीत आणि पालवी एकसारखी फुटत नाही, त्याचे कारण हेच. त्यात अक्रोडाचे सोटमूळ खोल जाऊ पाहते आणि आपल्याकडे थोड्याच खोलीवर जांभा लागतो. मग चार महिन्यांच्या पावसात तिथे पाणी साचून मुळे कुजतात.

फळाची आशा मी तुम्हाला दाखवणार नाही. थंड प्रदेशातही बियांपासून वाढवलेले झाड फळायला आठ-दहा वर्षे घेते. एकाच झाडावर नर आणि मादी फुले येतात खरी, परंतु ती बहुधा एकाच वेळी उमलत नाहीत, त्यामुळे परागासाठी जवळपास दुसऱ्या जातीचे झाड असलेले बरे. आपल्याकडे तर फुलापर्यंतच पोहोचणे कठीण.

तरीही ते रोप सांभाळावेसे वाटणे मला पूर्ण समजते. रोप जागेवरून हलवू नका, सोटमूळ दुखावले की ते उभे राहणार नाही. बुंध्याभोवती माती चढवून पाणी बाहेर काढणारा चर खणा, ठिपक्यांची गळलेली पाने गोळा करून जाळा, आणि मार्चपासून मेअखेरपर्यंत पश्चिमेकडून सावली द्या. छाटणी थंडीच्या शेवटी करू नका, कारण तेव्हा घाव भळभळत राहतो.

काकींचे म्हणणे निराधार नाही. अक्रोडाच्या मुळांत, पानांत आणि फळाच्या हिरव्या सालीत जुग्लोन नावाचे द्रव्य तयार होते आणि टोमॅटोसारखी झाडे त्याने कोमेजतात. अमेरिकेतल्या काळ्या अक्रोडात ते फार असते, आपल्या खायच्या अक्रोडात बरेच कमी. कमरेएवढ्या रोपापासून तुमच्या वाफ्यांना तूर्त धोका नाही. त्या सालीने हात मात्र असे काळे होतात की आठवडाभर साबणाने जात नाहीत. सप्टेंबरात आमच्याकडे कामाला येणाऱ्या बायकांचे हात मला अजून आठवतात.

उत्तर – केपे

खायचे टणक कवचाचे फळ परसात हवेच असेल, तर वेंगुर्ला-७ या काजूचे एक कलम लावा. जांभ्याच्या जमिनीत ते तग धरते आणि तिसऱ्या वर्षापासून बोंडे दिसू लागतात. मोहोराच्या दिवसांत ढेकण्या किडीवर तेवढे लक्ष ठेवावे लागेल.

पुन्हा वाळपईहून

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. आज सकाळी दोन्ही झाडांची एकेक काडी उभी चिरून पाहिली. उंच झाडाच्या काडीत सलग पांढरा गाभा निघाला, आणि माझ्या छोट्या रोपाच्या काडीत नखाने मोजता येतील असे बारीक कप्पे. चर उद्या खणून घेते. रोपवाटिकेच्या मालकांनाही पाटीवरचे नाव बदलून ‘जंगली अक्रोड, बिया खाऊ नयेत’ असे लिहिण्याची विनंती केली आहे.