ऑटिस्टिक मुलांना कबड्डी नको, असं परस्पर ठरवू नका

उजवा कोपरा, मालवण

परवा एका ताईंनी लिहिलं: "ऑटिस्टिक मुलांना सांघिक खेळात घालून हाल करू नका. पोहणं, धावणं, सायकल असे एकट्याचे खेळ द्या. ऑटिस्टिक जलतरणपटू जिया रायचं उदाहरण समोर आहे." खाली सगळे "अगदी बरोबर ताई" म्हणून मोकळे. मला ते वाचून गप्प बसवेना.

मी ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न आहे. निदान तिशीनंतर झालं, तोवर गावात नुसता "विचित्र" होतो. शाळेपासून वाडीच्या संघात कबड्डी खेळलो, बचावात उजव्या कोपऱ्यावर. माणसांत कधी हसायचं, कधी बोलायचं, याचे नियम मला कोणी सांगितले नाहीत. मैदानावरचे सगळे ठरलेले. चढाई ३० सेकंदांची. समोर सहा-सात जण असतील तरच बोनस गुण. झटापट नसताना लॉबीत, म्हणजे कडेच्या पट्ट्यात, पाय गेला तर बाद. चढाईपटूच्या डोळ्यांत बघायची गरज नाही, कोपऱ्याने त्याचे पायच बघायचे असतात. वर्गात "वर बघून बोल" म्हणून मार खाल्लेल्या मुलाला ही केवढी मोकळीक होती! साखळीत शेजाऱ्याचा हात घट्ट असतो. घट्ट धरलेलं मला चालतं. पाठीवरून हलका हात फिरवला की मात्र अंगाची आग होते. जिंकल्यावर पोरं एकमेकांच्या गळ्यात पडायची, मी बाजूला उभा राहायचो, आणि संघाला ते माहीत होतं.

त्रास दोन गोष्टींचा झाला. "डोकं लावून खेळ" या सूचनेचा, कारण त्यातून करायचं काय ते कळत नाही. "तो उजवीकडून वळतो, वळला की घोटा धर" म्हणा, मी धरणारच. दुसरा त्रास रात्रीच्या सामन्यांतल्या कर्ण्याचा.

जिया राय २०२१ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवेपर्यंत ३६ किलोमीटर पोहली, पुढच्या वर्षी तिला पंतप्रधान राष्ट्रीय बाल पुरस्कार मिळाला. मोठीच गोष्ट आहे. पण तिला पाणी मानवलं म्हणून सगळ्यांना पाण्यातच घालायचं का? इंग्लंडची लुसी ब्राँझ फुटबॉलमध्ये बचाव सांभाळते. आपण ऑटिस्टिक असल्याचं तिने २०२५ मध्ये जाहीर सांगितलं. तिच्या संघात अकरा जणी असतात.

वेंगुर्ल्याची आई

ती पोस्ट माझी होती, दादा. माझा मुलगा दोन-तीन शब्दांपलीकडे बोलत नाही. शाळेत त्याला खो-खोत बसवलं. ओळीत बसल्यावर तोंड एकीकडे, खो मिळणार मागून. पाठीत अचानक थाप बसली, हा किंचाळला आणि त्या मुलाला चावला. दुसऱ्या दिवशी मला बोलावून सांगितलं, खेळाच्या तासाला याला घरी न्या. कोण आलं होतं तेव्हा आमच्या बाजूने?

तुमका बोलूक येता, लिवक येता. माझ्या झिलाक येणा नाय. आणि पोहणं मी हौसेनं सांगत नाही. या मुलांना पाण्याची ओढ असते, नजर चुकवून निघून जातात, बुडण्याचा धोका इतर मुलांपेक्षा कितीतरी जास्त. माझं घर किनाऱ्याला लागून आहे. मी दाराला वरती कडी लावून झोपते. आधी पोहायला शिकवीन, मग तुमची कबड्डी बघू.

कुडाळचा पंच

कर्ण्यावर कशाला घसरलात? रात्रीचे सामने उभे राहतात कसे माहीत आहे का? समालोचनात देणगीदारांची नावं घेतली जातात, त्यावर मॅट, दिवे, चषक, पोरांचं जेवण चालतं. मुंबईहून चाकरमानी येतात ते त्या वातावरणासाठी. कर्णो बंद करून कबड्डी? मगे सामने कशाक, ग्रामसभाच भरवा.

काजूवाला

पंचसाहेब, २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम वाचलेत का? रात्री १० ते सकाळी ६ कर्णा बंद. सणासुदीला सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं, तीही वर्षाला १५ दिवसच. वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. आमच्या वाडीत पहाटेपर्यंत "चढाईसाठी सज्ज" चालू असतं. वडील हृदयाचे रुग्ण, रात्रभर उशी कानावर. तक्रार केली तर मंडळाने माझ्याकडून वर्गणी घेणंच बंद केलं, वर गावभर सांगितलं की मी खेळाच्या विरोधात आहे.

कुडाळचा पंच

असेच तुम्ही. भजनाच्या रात्री उशी लागत नाही ती?

काजूवाला

भजनाचा कर्णाही नको. लिहून ठेवा.

दापोलीचा मास्तर

मूळ विषयावर या. कोणता खेळ यावर तुम्ही भांडताय, पण ही मुलं पुढे कुठे खेळणार? २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आहे, प्रमाणपत्र मिळतं. पॅरालिम्पिकला मात्र नुसत्या ऑटिझमवर प्रवेश नाही, बौद्धिक अक्षमता सिद्ध करावी लागते. आणि त्या गटालाही पोहणं, मैदानी स्पर्धा आणि टेबल टेनिस एवढंच. माझा एक विद्यार्थी हुशार निघाला म्हणून अपात्र! त्याच्या वडिलांना हे समजावताना मला शब्द सुचले नाहीत.

देवगडची

मीही ऑटिस्टिक. मला कुठलाच खेळ नको होता, हे कोणी ऐकणार आहे का? चेंडू माझ्याकडे कधी पोचतो तेच मला कळायचं नाही, हात नेहमी उशिरा उठायचा. संघ निवडताना शेवटी मी उरायचे आणि दोन्हीकडचे "तुम्ही घ्या, तुम्ही घ्या" करायचे. उजवा कोपरा, तुमचं शरीर तुमचं ऐकत होतं, म्हणून तुम्हाला नियम आवडले. मला नियम तोंडपाठ होते, तरी मी बादच. मी एकटी सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, चालायला जायचे, तर घरचे म्हणायचे, "पोरांत मिसळ, सुधारशील." खेळाने सुधारणा ही कल्पनाच मला नको आहे.

उजवा कोपरा, मालवण

देवगडची, सुधारणेसाठी खेळ हे मी कुठे लिहिलंय? पण शरीराबद्दल बोललात ते मला नाकारता येत नाही. शेवटी उरण्याची वेळ माझ्यावर आली नाही. आली असती तर कदाचित मीही सड्यावरच गेलो असतो.

आई, पोहण्याबद्दल तुमच्याशी वाद नाही. कडीचं वाचलं. वाद "सांघिक नको" यावर आहे. तुमच्या मुलाला खो-खो जड गेला की न दिसता पाठीत बसलेली थाप? समोरून खांद्याला दाबून खो दिला असता तर? नियमात बसत नाही, पण शाळेच्या तासाला कोण फाऊल देणार होतं? तेवढंही न करता त्याला घरी पाठवलं, आणि आता तुम्हीच म्हणता की सांघिक खेळ त्याचा नाही.

वेंगुर्ल्याची आई

तुम्ही दुरून लिहिताय. तो चावल्यावर समोरच्या मुलाची आई माझ्या दारात आली होती, तिला काय "समोरून खो" सांगू? ...पण हेही लिहिते. शेजारचा मुलगा वाळूत लंगडी घालतो तेव्हा हा त्याच्या मागे मागे पळतो, हसतो. त्याला मी खेळ धरत नव्हते.

कुडाळचा पंच

वाचलं सगळं. कर्णा बंद होणार नाही. लहान गटाचे सामने मात्र संध्याकाळी उजेडात असतात, तेव्हा समालोचन नसलं तरी देणगीदार रुसत नाहीत. तेवढं मंडळात बोलून बघतो. काजूवाल्यासाठी नाही, त्या पोरांसाठी.

काजूवाला

आणि रात्री १० नंतर?

उजवा कोपरा, मालवण

काजूवाला, तुम्ही वेगळा धागा काढा, मी तिथे येतो. पंचसाहेब, समालोचन काढाल तसा कर्णा मैदानाच्या कोपऱ्यावरूनही हलवा. माझी जागा बरोबर त्याच्याखाली यायची.